पिवळा तुकडा

दाक्षायणी : पिवळ्या तुकड्यासाठी आली असशील, तर त्यो मी वाकळंला लावला. आता उसवून देत न्हाय.

नागम्मा : कुठला तुकडा, अक्का? मी दुसऱ्याच कामाला आले.

दाक्षायणी : माझ्या तोंडातनं गेलंच हाय, तर ऐक. गेल्या सोमवारी गिरिजाबाईच्या ओसरीवर लेकरांच्या वाकळांसाठी चिंध्यांची अदलाबदल झाली की न्हाय? वितीला वीत द्यायची, वीत घ्यायची. कारखान्यात विड्या वळून मी पोचेस्तोवर मऊ तेवढं तुमच्या गाठोड्यात जातं, मला उरतं मांजरपाट. गिरिजाबाई चहा टाकायला आत गेली, तवा तुझ्या गाठोड्यातनं मी त्यो ओढून घेतला.

नागम्मा : माझ्या अव्वाच्या लुगड्याचा होता त्यो. ती गेल्यावर माहेरातनं तेवढाच आणला होता. बदलायचा नव्हता, चुकून गाठोड्यात आला. दोन दिवस घर धुंडाळलं मी.

दाक्षायणी : मला म्हाईत नव्हतं. असतं तरी घेतला असता, खोटं कशाला बोलू.

नागम्मा : मी काय केलं तुमचं?

दाक्षायणी : मी कामावर असते म्हणून सासूबाई आमच्या श्रीमंतला दुपारी तुझ्याकडं सोडतात. आता सुट्टीच्या दिवशीबी त्याला तुझ्याकडंच निजायचं असतं, तुझ्या लेकीच्या वाकळंत. मावशीची मऊ हाय म्हणतो. म्हणून हुबेहूब तुझ्यासारखी शिवली. काल सुट्टी होती, दुपारी अंगावर घातली, तर लाथेनं ढकलून तुझ्या दाराकडं पळाला. चार वर्साचं लेकरू माझं, अन् झोप तुझ्या घरात. जळते मी तुझ्यावर, नागम्मा.

नागम्मा : दिसत होतं मला. पण तुमीबी एक ऐका. संध्याकाळी गल्लीत तुमच्या चपलांचा आवाज आला की माझा हात झिडकारून पळतो त्यो. खाता खाता घास टाकून पळतो. एकदाबी मागं वळून बघत न्हाय.

दाक्षायणी : खरं सांगतीस?

नागम्मा : रोजचं हाय. मलाबी लागतं की.

(दाक्षायणी दाराकडे बघते. ती पोचायची तेव्हा पोर आपल्याच दारात उभं असायचं. ते कुठून, कसं पळत येतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.)

दाक्षायणी : मग कुठल्या कामाला आलीस?

नागम्मा : गुरुवारी आमी इचलकरंजीला चाललो. ह्यांना तितं मागावर कायमचं काम मिळालं. हितल्या गिरणीत बदली कामगार म्हणून किती दिवस काढायचे? माझ्या लेकीची वाकळ श्रीमंतला ठेवून जावी म्हणते.

दाक्षायणी : नको. ती तुझ्या लेकीची हाय. थांब, कात्री आणते. तुझ्या अव्वाचा तुकडा उसवून देते.

नागम्मा : अर्धाच काढा. अर्धा असू दे त्याच्या अंगावर. बदल्यात तुमच्याकडचं काहीतरी द्या.

दाक्षायणी : मांजरपाट हाय नुसतं.

नागम्मा : चालंल की. अस्तराला लागतंच. अन् गुरुवारी दुपारी त्यो निजला की आमी गुपचूप निघू, म्हंजे रडायचा न्हाय.

दाक्षायणी : तसं नको करू. उठल्यावर घरभर तुला हुडकंल त्यो. गुरुवारी मी खाडा करते. त्याला जागा होऊ दे, मग निघा.