रुखवत पुलावर अडलं त्याची हकिकत

ऊन होतं म्हणावं तर वारा बर्फावरून येत होता, थंडी म्हणावी तर पाठीला घाम, म्हणजे तुम्हाला सांगतो, एक गाल भाजत होता आणि दुसरा गोठत होता, आमच्या ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरात ईस्टर उरकल्यावरचे दिवस असेच, त्यांना ठरवताच येत नाही आपण कोणत्या बाजूचे... आणि अशा हवेत मी, एकुलत्या एका पोरीचा बाप, लग्नातला कोट घालून नदीवरच्या पुलावर मधोमध उभा, शेजारी खेचर, खेचराच्या पाठीवर पोरीचं सगळं रुखवत, आणि ते खेचर पुढं जायचं नाही न् मागं यायचं नाही. लोक अजून बोलतात. मी म्हणतो, मला बोला, म्हाताऱ्या स्टेर्गिओसला काय हवं ते बोला, पण त्या जनावराला नको. खेचराचा काही दोष नव्हता.

आता खेचर आलं कुठून, तर अमेरिकेतून. आमच्याकडं काय जनावरं नव्हती? होती की. जर्मन आले, चांगली चांगली त्यांनी नेली. ते गेले, मग डोंगरावरची लाल पोरं उतरली, म्हणाली, काका, हे जनतेसाठी, आणि नेली. मग सरकारचं सैन्य आलं, म्हणालं, उरलेली आम्ही सांभाळतो, म्हणून नेली. मग सगळ्यांच्या बंदुका थांबल्या आणि गावात ओझं वाहायला राहिलो आम्हीच. तेव्हा अमेरिकेला आमची दया आली. का आली? तर म्हणे, उपाशी माणूस कम्युनिस्ट होतो. आम्ही तर बापजाद्यांपासून उपाशी, पण हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर ते आलं. केवढं म्हणून सांगू? आमच्या घरांच्या दारातून मान आत यायची, बाकीचं बाहेर. आमची लाकडी खोगिरं त्याच्या पाठीवर टोपीसारखी दिसायची, शेवटी दोन खोगिरं जोडून एक केलं. आम्ही त्याला मिस्टर म्हणायचो. गरीब हो, फार गरीब स्वभावाचा. अख्ख्या गावाची लाकडं आणायचा, नांगर ओढायचा, कुणाला लाथ नाही. अट एकच, ती हवालदार क्लेआन्थिसनं पारावर उभं राहून वाचून दाखवली: खेचरानं पूल ओलांडायचा नाही. पुलापलीकडं वरचं गाव. वरचं गाव लाल. अमेरिकेचं खेचर लाल माणसाच्या हाती लागलं तर अमेरिका काय म्हणेल?

आणि माझ्या पोरीनं, वायानं, नवरा कुठला करावा? वरच्या गावातला. झिसिस. सरकारनं लाल पोरांना डांबलं होतं त्या बेटावरच्या छावणीत तीन हिवाळे काढून पोरगा परत आला, तेवढा काळ ही हातमागाशी बसून घोंगड्या विणत राहिली. मी काय म्हणणार? म्हटलं, कर.

रविवारी लग्न, गुरुवारी रुखवत. आमच्याकडची रीत अशी, की रुखवत नवरीच्या दारापासून नवऱ्याच्या दारापर्यंत जनावराच्या पाठीवरच जायला हवं. वाटेत जमिनीला टेकायचं नाही. आणि एकदा उंबऱ्याबाहेर पडलं की मागं फिरायचं नाही. रुखवत फिरलं की लग्न फिरलं, मग पोरीला दुसरं स्थळ नाही. म्हणून मी हवालदाराचे पाय धरले. तो म्हणाला, "पुलाच्या मध्यापर्यंत ने, काका. तिथं वरच्या गावानं आपलं जनावर आणावं, या पाठीवरून त्या पाठीवर घ्यावं. पण मिस्टरचा पाय पलीकडं पडला तर माझी नोकरी गेली." मला पटलं. सगळ्यांना पटलं. खेचराला कुणी विचारलं नव्हतं, खेचराचा काही दोष नव्हता.

निघालो. अक्रोडाची पेटी, घोंगड्या, उशा, तांब्याची पातेली, सगळं मिस्टरच्या पाठीवर, वर लाल चादर. मागं क्लॅरिनेटवाला, शेजारीपाजारी, आणि नजर ठेवायला हवालदार. वाया घराच्या ओट्यावर उभी राहून बघत होती, नवरीनं सोबत यायचं नसतं. पलीकडून वरच्या गावाची वरात आली, पुढं नवऱ्याची आई असिमो, आणि तिच्या हातात वरच्या गावात उरलेलं एकुलतं एक गाढव. त्या गाढवानं मिस्टरला बघितलं... जन्मात असला प्राणी त्यानं बघितला नव्हता. ते जे उलटं फिरलं, असिमोच्या हातातली दोरी घेऊन थेट डोंगरात. आजतागायत सापडलेलं नाही.

झालं. आता रुखवत घ्यायला पाठ नाही. असिमोनं मिस्टरचा कासरा धरला, "चल रे बाळा, दोन पावलं." हवालदारानं शेपूट धरलं, "एक पाऊल नाही." आणि मिस्टर, तुम्हाला सांगतो, विचार करून एक पाऊल पुढं गेला आणि तिथंच उभा राहिला.

हवालदाराचा चेहरा पांढरा. "पुढचे दोन पाय पलीकडं गेले."

माझी शेजारीण पोलिक्सेनी, तिच्या जिभेला कधी सुट्टी नाही, ती म्हणाली, "असू दे रे. मागचे दोन तर देशभक्त आहेत ना?"

मी म्हटलं, आपण माणसांनीच पेटी उचलून नेऊ या. तर असिमो माझ्याकडं अशी बघायला लागली की मी टोपीच काढली. "माझ्या सुनेचं रुखवत माणसाच्या पाठीवर? व्याही, माणसाच्या पाठीवर सामान आम्ही गाव जळालं तेव्हा नेलं. लग्नात नाही न्यायचं." आमचंही गाव जळालं होतं. तिच्या माणसांनी जाळलं का आमच्या, ते कशाला काढा.

मग काय, थांबलो. मिस्टर उभा, आम्ही उभे. मी वर आमच्या घराकडं बघितलं, वाया तशीच उभी, हलली नव्हती. मी हात केला, सगळं बरं आहे म्हणून. काय बरं होतं? मनात म्हटलं, आता हा मागं वळला की माझी पोर जन्माची घरात बसली. मी मिस्टरच्या कानाशी जाऊन हळूच सांगत होतो, मागं नको रे राजा, पुढं नाही तर नाही, पण मागं नको. त्याला ग्रीक कुठं कळतं? खेचराचा काही दोष नव्हता.

उभं राहून राहून लोकांना भूक लागली. कुणीतरी चीज भरून भाजलेली पाई काढली, कुणी कांदे, कुणी घरची दारू. क्लॅरिनेटवाला म्हणाला, वाजवू का? हवालदार म्हणाला, वाजव, वाजवायला बंदी नाही. असिमोचा धाकटा डोंगरावरून परत आला नव्हता. पोलिक्सेनीचा नवरा सैन्यातून परत आला नव्हता. दोघी पुलाच्या एकाच कठड्यावर बसून पाई कापत होत्या. एकमेकींकडं बघत नव्हत्या. पण सुरी एकच होती.

एवढ्यात जीप आली. आत अमेरिकन साहेब, तरणाताठा, नाकावर लाल ठिपके, मदत कशी चाललीय ते बघायला निघालेला, आणि त्याचं आम्हाला सांगणारा अथेन्सचा दुभाष्या, बूट असे चकचकीत की नदीनं आपलं तोंड बघून घ्यावं. हवालदारानं सलाम ठोकला तो शेपूट हातात धरूनच.

"हे काय चाललंय?" दुभाष्यानं विचारलं.

"साहेबांना सांगा," हवालदार म्हणाला, "आम्ही कम्युनिझम अडवून धरलाय."

साहेब खाली उतरला. खेचराभोवती फिरला. पाई खाल्ली. असिमोला नमस्कार केला, तिनं त्याच्या गालाचा चिमटा घेतला आणि म्हणाली, "किती वाळलंय पोर, याची आई जिवंत आहे का?" मग त्यानं बोटानं वरचं गाव दाखवून पुष्कळ काही विचारलं, दुभाष्यानं पुष्कळ काही सांगितलं, आणि साहेबाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटलो.

दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, वरच्या गावात एकही जनावर नाही?"

"एक होतं," असिमो म्हणाली. "तुमच्या खेचरानं घालवलं."

"साहेब म्हणतात, म्हणूनच तर तिथले लोक लाल होतात. इथून पुढं हे खेचर वरच्या गावाला. आजपासून. अट रद्द."

हवालदारानं शेपूट सोडलं. मिस्टरनं मान हलवली आणि निघाला, जणू एवढ्याचसाठी थांबला होता. ना रुखवत टेकलं, ना फिरलं. ओट्यावर वाया मटकन खाली बसली, तोंडाला डोईचा रुमाल लावून, रडत होती का हसत होती मला इतक्या लांबून कळलं नाही. मी मात्र रडलो, तुमच्यापासून काय लपवायचं. डोळे पुसले, मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. मी दुभाष्याच्या जवळ गेलो.

"साहेबांना विचारा की, आणि आम्ही? आमची लाकडं?"

त्यानं विचारलं. साहेबानं माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

"साहेब म्हणतात, तुमचं गाव पक्कं आहे. तुम्हाला काही धोका नाही. अभिनंदन."

आणि दुधाच्या भुकटीचा एक डबा दिला.

तसं वाईट काय झालं, सांगा? पोर तिच्या घरी सुखात आहे. मिस्टरही सुखात आहे, वायाच त्याला चारा घालते, तो म्हणे जाडा झालाय. कधी संध्याकाळी पुलावर येतो, तो पलीकडून बघतो, मी अलीकडून. त्याला वाटत असेल, म्हाताऱ्यानं आपल्याला दिलं. खेचराचा काही दोष नव्हता, माझाही नव्हता, हवालदाराचा नव्हता, साहेब तर देवमाणूस. मग दोष कुणाचा? हेच मी लग्नानंतरच्या सोमवारी सकाळी दाराशी बसून पोलिक्सेनीला विचारत होतो. तिनं ऐकून घेतलं. मग भिंतीवरचा लाकडं बांधायचा दोर काढला, माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "ऊठ, स्टेर्गिओस. तुझी पाठ तरी अजून आपल्या बाजूला आहे."