‘टकटक’मधल्या रिकाम्या ओळीबद्दल

नाव : नोंदवहीत घेतलं आहे. सगळे चिचूमावशी म्हणतात.
वय : चौसष्ट.
धंदा : पूर्वी गाणं आणि बाहुल्यांना आवाज देणं. सध्या गाण्याच्या शिकवण्या.
राहणार : शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिलं दार.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, कोणी भरीस न घालता, असं सांगते की फिर्यादींच्या स्टुडिओतून गेलेली हार्ड डिस्क मीच नेली. काल दुपारी सगळे खाली चहाला गेले तेव्हा मी तिची वायर काढली, ती भाजीच्या पिशवीत घातली, वर पालक ठेवला आणि घरी आले. हवालदारांनी आधी ‘चोरून नेली’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. चोर घरी जाऊन फोन करतो का, की बाबा रे, तुझी वस्तू माझ्याकडे आहे, येऊन ने? मी केला होता. तिची दुसरी प्रत कशी नव्हती, हे मला विचारू नये. ते त्यांचं त्यांना विचारावं.

डिस्कमध्ये काय होतं, ते सांगते. फार वर्षांपूर्वी टीव्हीवर लहान मुलांची एक मालिका लागायची. एक घर, त्यात सगळ्या बाहुल्या, आणि दर भागात नवीन गाणं. मी त्यातल्या चिचुंद्रीचा आवाज होते. कोणाला हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. संगीत आमच्या मास्तरांचं. हल्लीच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांनी मिळून मास्तरांच्या सन्मानासाठी त्यातली गाणी नव्यानं गायली आहेत. फिर्यादी त्या सगळ्यांचे म्होरके. माझं त्यांच्याशी वैर नाही, हे आधीच लिहून ठेवा.

उलट मी त्यांचं कौतुकच करते. त्यांनी मला ऐकायला बोलावलं तेव्हा मी नाक मुरडतच गेले होते. म्हटलं, आता ही पोरं आमच्या गाण्यांची काय वाट लावतात ते बघू. पण पहिल्याच गाण्याला मुरडलेलं नाक सरळ झालं. दात पडल्याचं एक गाणं आहे, ते आम्ही उड्या मारत म्हणायचो. यांच्यातल्या एका धिप्पाड, दाढीवाल्या गायकानं ते इतकं सावकाश म्हटलंय की मला माझ्या धाकट्या भावाचा पहिला दात आठवला आणि मी पदर डोळ्यांना लावला. ढोलकवाल्या मुलीनं तर कमाल केलीय. मास्तर बिस्किटांच्या डब्यावर ठेका धरायचे. तसा डबा मिळावा म्हणून ती बाजारभर डबे वाजवत फिरली आणि दुकानदारांच्या शिव्या खाऊन आली. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं. हवालदार म्हणाले, मावशी, मुद्द्याचं बोला. मी म्हटलं, मुद्दाच चाललाय, लिहा.

शेवटचं गाणं ‘टकटक’. मालिकेतलं सगळ्यात आवडतं. शब्द असे :

टकटक टकटक, कडी कशाला?
नाव सांग, नाव सांग, नाव सांग मला!

यानंतर एक ओळ रिकामी आहे. शब्द नाहीत, पेटी नाही, काही नाही. मग चिचुंद्री म्हणते :

अय्या, तूच होय! मग दारात कशाला?
जागा ठेवलीय तुला बसायला!

ती ओळ मास्तरांनी मुद्दाम रिकामी ठेवली होती. घरी टीव्हीसमोर बसलेल्या पोरानं तिथं आपलं नाव सांगायचं. रेकॉर्डिंगला ती जागा आली की मास्तर हात वर करायचे, आम्ही सगळे श्वास धरायचो, आणि मास्तर माइककडे बघून मान डोलवायचे, जणू समोर कोणी खरंच नाव सांगतंय. मालिकेचे साहेब एकदा चिडले. म्हणाले, अहो, लोकांना वाटेल टीव्ही बिघडला. मास्तर म्हणाले, मोठ्यांना वाटेल. मी त्यांच्यासाठी गाणी करत नाही. असा माणूस! मी पुढे पुष्कळांकडे गायले, मोठमोठ्या नावांकडे गायले. पण ऐकणाऱ्यासाठी गाण्यात जागा ठेवणारा दुसरा कोणी भेटला नाही.

फिर्यादींच्या गाण्यात ती ओळ भरलेली होती. दोन मुलं जोरात ओरडतात, ‘आम्ही दोघं, आम्ही दोघं!’ मी तिथल्या तिथे सांगितलं, बाबा, ही ओळ रिकामी असते. ते म्हणाले, ‘नाही मावशी, जुन्या टेपवर तेवढा तुकडा पुसला गेलाय. आम्ही तो भरून काढला. शब्द नीट आठवत नव्हते, पण तिथं दोन मुलं ओरडायची. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.’ मी म्हटलं, गायले मी, आणि मलाच सांगतोस? ते हसून म्हणाले, ‘खूप वर्षं झाली ना, मावशी.’ म्हणजे म्हातारीला चळ लागला असंच ना? माझं डोकं फिरलं.

मास्तर आता अंथरुणाला खिळले आहेत. एकच कान चालतो. येत्या रविवारी ही मंडळी त्यांच्या उशाशी बसून त्यांना सगळी गाणी ऐकवणार आहेत, आणि डिस्क आज सीडी छापायला द्यायची होती. मास्तर भले आहेत, ते ऐकून ‘छान, छान’ म्हणाले असते. आणि मग भिंतीकडे तोंड करून पडले असते. ते मला सोसलं नसतं. म्हणून मी डिस्क नेली. फिर्यादी माझ्या दारात आले, तेव्हा आमची बाचाबाची झाली. ती सगळ्या जिन्यानं ऐकली आहे, साक्षीदार हवे तेवढे मिळतील. मग ते इथं आले, आणि मीही पिशवी घेऊन त्यांच्या मागोमाग आले.

इथं ठाणे अंमलदार बाईंनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. त्यांनी फिर्यादींना विचारलं, ‘हे गाणं तुम्ही कुठं ऐकायचात?’
‘घरी.’
‘टीव्हीवर?’
‘आमच्याकडे टीव्ही नव्हता. वरच्या मजल्यावर होता. लागला की मी पलंगावर उभा राहायचो, छतातून सगळं ऐकू यायचं. सगळी गाणी मी तशीच पाठ केली.’
‘वर मुलं होती?’
‘होती की. बहीण-भाऊ.’
बाई म्हणाल्या, ‘अहो, मग ओरडायची ती तीच दोघं. आमच्या घरी त्या जागेला मी ओरडायचे. माझं नाव. शेजारीपाजारी वैतागायचे.’
हवालदार लिहिता लिहिता म्हणाले, ‘आमच्याकडे चौघं होतो. मारामारी व्हायची, आधी कोण सांगतो म्हणून.’

फिर्यादी हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘मला वाटायचं, ते गाणं त्या दोघांनाच आत बोलावतंय.’

माझा सगळा राग तिथंच उतरला. मी त्यांना वाटेल ते बोलायचं ठरवून आले होते. ज्याला कोणी कधी नाव विचारलं नाही, त्या पोरानं छताखाली उभं राहून सगळीच्या सगळी गाणी जिवापाड जपली आणि इतक्या वर्षांनी मास्तरांच्या दारात आणून ठेवली. त्याला मी काय बोलणार? मी पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि बाईंना म्हटलं, परवानगी असेल तर एक मिनिट. बाई म्हणाल्या, म्हणा.

मी चिचुंद्रीच्या आवाजात गाणं म्हटलं. ‘नाव सांग, नाव सांग, नाव सांग मला’ इथपर्यंत आले आणि फिर्यादींकडे बघून थांबले. हवालदारांनी तोंड उघडलं होतं, बाईंनी त्यांना हातानं गप्प केलं. फिर्यादींनी हळूच स्वतःचं नाव सांगितलं. फिर्यादीच्या कागदावर जे आहे तेच. मी पुढची ओळ म्हटली.

ती ओळ रिकामी ठेवायचं फिर्यादींनी कबूल केलं असून तक्रार मागे घेतो असं ते म्हणाले आहेत. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. एकच दुरुस्ती करावी. त्यांनी नाव हळूच सांगितलं असं लिहिलंय, ते पहिल्या वेळचं. ते म्हणाले, मावशी, पुन्हा एकदा म्हणता का? मी पुन्हा म्हटलं. तेव्हा ते इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली.