डर्कचा रुमाल

नाही हो, पाणी नको — पाणी भरपूर आहे, मागे दोन कॅन भरून ठेवलेत. रेडिएटर तापलेला नाही, पट्टा तुटलेला नाही, हात लावून बघा पाहिजे तर, गार पडलंय इंजिन. गाडीला काहीसुद्धा झालेलं नाही. मग बॉनेट कशाला उघडं टाकलंय म्हणता — सांगतो, पण तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत. पिवळी डच नंबरपाटी बघून थांबलात ना? आपल्याकडचा म्हातारा फ्रान्सच्या घाटात अडकलाय म्हणून? कुठले तुम्ही — झ्वोल्लेचे? मी फ्रीसलंडचा, गेर्बेन. पाऊण तासात सव्वीस गाड्या गेल्या इथून, मोजल्यात मी — चौतीस वर्षं बसच्या वेळापत्रकाच्या कचेरीत काढली, मोजायची खोड जाता जात नाही — सव्विसांतले थांबणारे तुम्ही एकटे. तेही मागे एवढी कॅरॅव्हॅन ओढत, चढावर. आम्हा जुन्या गाड्यांवाल्यांत नियमच आहे, उघडं बॉनेट दिसलं की थांबायचं, मग घाई असो नाहीतर गारा पडोत. पण तुम्ही आमच्यातले नाही, तुमच्यावर काही सक्ती नव्हती. गाडीतल्या बाईंना सांगा, पाचच मिनिटं. घड्याळ बघतायत त्या.

तो होय? बघितलात तर. हो, आरशाला तो लाल रुमाल मीच बांधलाय. त्याचं नंतर सांगतो — गाडी छान आहे म्हणालात, आहेच. एकोणीसशे चौतीसची, माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. डर्कची छत्तीसची, हिरवी. डर्क म्हणजे माझा दोस्त. शाळेत एका बाकावर बसलो, मग तो गाईंच्या मागे गेला आणि मी बसच्या. दर मे महिन्यात दोघं दोन गाड्या बाहेर काढायचो — बावीस वर्षं. हमरस्त्याला चाक लावायचं नाही, काटा साठाच्या वर न्यायचा नाही, जिथे अंधार पडेल तिथे मुक्काम — म्हणजे हे त्याचं म्हणणं, मी महिनाभर आधी खोल्या राखून ठेवलेल्या असायच्या. नॉर्वे झालं, बोहेमिया झालं, इटलीत तर तीनदा. आणि त्याचं एक पोर्तुगालचं तुणतुणं चाललेलं असायचं. जिथे जमीन संपते तिथे गाडीचं नाक समुद्राकडे करून कॉफी प्यायची, मग मरायला मोकळे. कॉफीचं काय वेड हो त्याला. टेकडी आली की थांब, बॉनेट उघड — इंजिनाला वारा लागू दे म्हणे — आणि पेटव स्पिरिटचा स्टो. आपल्यात कपामागे एक बिस्किट आणि डबा बंद, हे तुम्हाला काय सांगायचं. हा डबा उघडाच ठेवायचा. मी साडेबाराला हॉटेलात पोचून सूप मागवून बसायचो आणि हा दोनला दात काढत हजर. बावीस वर्षं गार सूप प्यालो मी त्या माणसापायी.

म्हणून मग ठरवून टाकलं होतं आम्ही. नुसतं बॉनेट उघडं, तर कॉफी चाललीय, तू हो पुढे. पण आरशाला रुमाल दिसला तर — मागे ये, तुझी गरज आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्यांचा तो मोठा लाल ठिपक्यांचा, तुमच्या आजोबांच्या खिशात असेल बघा. डर्क कशाचीही टिंगल करायचा, पाद्रीबुवाची, माझ्या टकलाची, स्वतःच्या पोटाची — पण रुमालाची नाही. उगीच म्हणून कधी बांधला नाही. बावीस वर्षांत दोनदा. एकदा ऱ्हाइनच्या काठी चाक निखळलं तेव्हा, आणि एकदा घरून कळलं की गोठ्याला आग लागलीय. दोनदा — म्हणजे, दोनदाच धरा.

हां, तर पोर्तुगाल. सहा वर्षांपूर्वी निघालो एकदाचे. नवव्या दिवशी या घाटाच्या पायथ्याशी मुक्काम, आणि सकाळी न्याहारीला आमची जुंपली. मी म्हटलं, नऊला निघायचं ठरलंय, आणि हा तिसरा पाव कॉफीत बुडवत बसलेला. मी घड्याळ त्याच्या बशीशेजारी ठेवलं. तर सगळ्यांसमोर म्हणतो — हॉटेलवाली होती, दोन जर्मन जोडपी होती — म्हणतो, "गेर्बेन, तू प्रवास करत नाहीस रे, तू स्वतःचं पार्सल पोचवतोस." हसले सगळे. मीही हसलो, चांगलंच होतं ते, कबूल करायला काय जातंय. पण पुढे जे बोलला — ते जाऊ दे. नाही, सांगतोच. म्हणाला, "म्हणून तर आन्के गेली, किती दिवस पार्सल होऊन राहील बिचारी." आन्के म्हणजे माझी बायको. सोडून गेल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत डर्कनं तिचं नाव माझ्यासमोर एकदा काढलं नव्हतं. त्याच्या पोटात काही नसायचं हो. जिभेला हाड नव्हतं, एवढंच. पण नेमकं वर्मावर बसलं माझ्या. मी बॅगा उचलल्या, नऊच्या ठोक्याला निघालो, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

म्हणजे नंतर बघितलं. इथेच, या वळणावर — चढावर गाडी तापली होती, ती गार होईतो बारा वाजले, आणि निघताना बघितलं. इथून खालचं वळण कसं ताटात वाढल्यासारखं दिसतं बघा — तो दगडी कठडा, तिथे. तिथे त्याची हिरवी गाडी, बॉनेट उघडं. सगळ्यांना मी एवढंच सांगत आलोय. पोलिसांना सांगितलं, गावाला सांगितलं, हिल्केला सांगितलं — बॉनेट उघडं दिसलं, मला वाटलं कॉफी ठेवली असेल, गेलो पुढे. कोण काय म्हणणार? उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला लोकांनी.

रुमाल होता.

लाल रुमाल होता आरशाला, आणि हा पायरीवर बसला होता, गाडीच्या त्या बाजूच्या पायरीवर, पाठ इकडे. जाता जाता दिसला असंही नाही हो. मी थांबलो होतो. इंजिन चालू ठेवून चांगला मिनिटभर थांबलो होतो, इथे, तुम्ही उभे आहात तिथेच. आणि मनात काय आलं सांगू? म्हटलं, आता कळवळा आला होय. आता मी खाली जायचं, आणि हा हसत म्हणणार, चल रे, रागावलास का, कॉफी घे. म्हटलं, बस. बावीस वर्षं मी वाट बघितली, आज तू बघ. आणि गिअर टाकला.

बारा किलोमीटरवर गाव आहे, तिथल्या हॉटेलात साडेबाराला टेबल सांगितलेलं. जेवलो मी. सूप गरम होतं. मासा मागवला, मग चीज, मग शेवटचं गोडसुद्धा खाल्लं — रागात भूक लागते माणसाला, तुम्हाला लागते का? सव्वादोन वाजले तेव्हा कुठे उठलो आणि गाडी मागे वळवली. परत आलो तर टपाल वाटणारी बाई त्याच्यापाशी बसलेली, अँब्युलन्स यायची होती. यायचा उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाला — मी विचारलं नव्हतं, आपणहून म्हणाला — की झटका आल्यावर पाऊण तास तरी जिवंत होते हे. स्टोवर भांडं कोरडं पडून काळं झालं होतं. कप दोन काढले होते त्यानं. दोन. बिस्किटांचा डबा उघडा. त्या बाईला रुमालाचं काय कळणार, तिला वाटलं असेल वाळत घातलाय. ती अँब्युलन्सला हात दाखवायला रस्त्यावर गेली, तेवढ्यात मी गाठ सोडली आणि खिशात घातला. हा तोच. धुतलेलासुद्धा नाही मी.

हिल्के कोण म्हणता — त्याची लेक. एकुलती एक. लहानपणी मागच्या सीटवर बसून यायची आमच्याबरोबर, आमचे सगळे कायदे पाठ तिला. अंत्यविधीच्या आधी स्वयंपाकघरात मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "गेर्बेनकाका, रुमाल नव्हता ना?" मी म्हटलं, नव्हता. कसं बोललो कोण जाणे, पण बोललो. तर तिनं केवढा सुस्कारा सोडला हो — म्हणाली, "म्हणजे बाबाला कळलंच नाही. कॉफी ठेवली आणि गेला." आणि चर्चमध्ये उभं राहून तेच बोलली सगळ्यांपुढे, माझा बाबा कॉफीची वाट बघत गेला, घाबरला नाही, एकटा पडला नाही. लोक रडत रडत हसले. सहा वर्षं पोर त्यावर उभी आहे. आता तुम्हीच सांगा, तो आधार काढून घ्यायचा कुणी? माझं मन हलकं करायला? ती माझी सोय झाली, तिची काय? असं मी रोज स्वतःला समजावत आलो. मूग गिळून बसलो, आणि तिच्या भल्यासाठी बसलोय असं म्हणत आलो. भल्यासाठी कसलं. भ्यालो. माझं तोंड बघणार नाही ती पुन्हा, आणि आता मला तिच्याशिवाय कोण आहे?

या हिवाळ्यात तिनं कोठारातून बापाची गाडी बाहेर काढली. क्लच दोनदा दाबून गिअर टाकायला शिकली, हात काळे करून घेतले, आणि माझ्या दारात येऊन उभी. म्हणाली, "काका, पोर्तुगाल राहिलंय. तुम्ही पुढे, मी मागे, जसं तुमचं असायचं तसं." नाही म्हणणार होतो, पण हो म्हणून बसलो. आज नववा दिवस. तीसुद्धा तशीच, टेकडी दिसली की थांबते. आणि काल जेवताना माझा हात धरून म्हणते कशी, "बाबाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही सोबत होतात, याचं मला केवढं समाधान आहे." मी डोकं दुखतंय म्हणून उठलो.

मग आज सकाळी लवकर निघालो आणि येऊन थांबलो इथे. ती खालच्या वळणावर उतरणार, फुलं ठेवायला. तिथे उभं राहून मान वर केली की माझी गाडी दिसणार, आणि रुमाल. तोंडानं सांगायला मला जमणार नाही हो. पण रुमाल बघितल्यावर ती येईल आणि विचारेल, हा बाबाचा ना, तुमच्याकडे कसा? मग काय लपवणार? असा विचार करून बांधला. आणि खरं सांगू का, पाऊण तासात दोनदा सोडला. तुम्ही ब्रेक मारलात तेव्हा तिसऱ्यांदा सोडायला हात घातला होता मी, बॉनेट लावून निघूनच जाणार होतो. तुमच्यामुळे राहिला. आता तुम्हाला सांगून बसलोय सगळं, ज्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही. आणि जिला सांगायचं तिला —

थांबा जरा. ऐकू येतंय? दुसऱ्या गिअरला अशीच घरघरते ती चढावर. आली. ती बघा, कठड्यापाशी, हिरवी. उतरली. फुलं काढतेय मागून. ते पिवळं जर्किन तिचंच. अजून वेळ आहे — नाही, तुम्ही नका हात लावू गाठीला, राहू दे. राहू दे म्हणतो ना. मीच हात खिशात घालतो.

बघितलं तिनं.

आता गाडीत बसेल, वळसा घालून इथवर यायला सात-आठ मिनिटं, तोवर मी काहीतरी जुळवून — अहो, गाडीत कुठे बसतेय ती. फुलं टाकली खाली. रस्ता सोडून सरळ वर चढतेय. मेंढ्यांची वाट आहे तिथून, दोन-तीन मिनिटांची. मला माहीत नव्हती ती तेव्हा. होती. होती माहीत. तिथेच पाटी आहे पायवाटेची, येताना वाचली होती मी. बघा कशी धावतेय, दोन्ही हातांनी दगड धरून — तिला वाटतंय, मलाच काही झालंय.

तुम्ही निघा आता. नको, थांबू नका, काही मदत नको, बाईंना माझा नमस्कार सांगा. निघा हो.

हिल्के, हळू. हळू ये, पोरी, पडशील. मला काही झालेलं नाही.