हरणारे डॉक्टर

परभणीच्या स्टँडवर पालमची बस लागेपर्यंत शेजारच्या दोघींचं बोलणं फुकटात ऐकायला मिळालं.

“बायनाबाई, मालकाच्या गुर्द्याचं काय म्हणले डाक्टर?”

“दिवसाला एकच तांब्या पाणी सांगितलं होतं. ह्यांनी पाणी तेवढंच पिलं, वरून ताक दोन तांबे! पाय टम्म सुजले.”

“मग तडकले असतील डाक्टर.”

“न्हाई वं. हसले. म्हणले, ‘सटवाजीराव, चहा-ताक धरून एक तांब्या. मी बी तेवढंच पितो. बघू कोण हरतं.’”

“कोण हरलं?”

“हर सोमवारी डाक्टरच हरायलेत. ‘लय तहान लागली, तुमीच जिंकले,’ म्हणतात.”

“अन् मालकाला खरं वाटतं?”

“वाटू दे की. आज चप्पल बसली पायात.”