राज्यशास्त्र घेतलं आणि फ्लेक्स लागला

तुम्ही हसताय, पण अकरावीला राज्यशास्त्र घेतलं की आमच्या चिखलीत काय होतं, ते मला विचारा. मी घेतलं, कारण त्यात गणित नाही. नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, भलताच अर्थ काढला. माझ्या वाढदिवसाला चौकात हा भलामोठा फ्लेक्स! वर 'भावी नगरसेविका', मधे हात जोडलेली मी, खाली गॉगल लावलेले नानांचे मित्र.

म्हटलं, "नाना, मला अजून मतदानसुद्धा करता येत नाही!"

"मग? 'भावी' लिवलंय का न्हाई?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून दारात माणसं. कुणाचं गटार तुंबलंय, कुणाच्या गल्लीत दिवा नाही. नाना सगळ्यांना चहा पाजायचे आणि मला शिकवायचे, "नुसतं 'बघते' म्हणायचं. व्हईल का न्हाई, ते कोण इचारतंय!" मीही म्हणायला लागले.

सहामाहीच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक उघडलं, तर दारात आमचे राज्यशास्त्राचे सर. वर्गात मला 'ए, शेवटचा बाक' म्हणणारे.

चपला काढून अदबीनं म्हणाले, "ताई, आमच्या सोसायटीत चार दिवस पाणी नाही हो."

"सर, उद्या तुमचाच पेपर आहे. माझा एकही धडा झालेला नाही!"

सरांनी खुर्ची जवळ ओढली नि हळूच म्हणाले, "पेपरचं मी बघतो. तुम्ही पाण्याचं बघा."

"बघते," मी म्हटलं. सर खूश होऊन गेले.

मी मात्र दार लावलं आणि मुकाट्यानं पहिल्या धड्यापासून वाचायला बसले. 'बघतो' म्हणजे काय, ते मला आता चांगलंच ठाऊक होतं.