कोन पाहून राह्यलं?

…आता तुमीच सांगा, घर माह्यं, टीव्ही माहा, लाइटचं बिल मी भरतो, अन् सकाळी बटन दाबलं का तो टीव्ही मलेच विचारते, "कोन पाहून राह्यलं?" अरे बावा, तुह्यासमोर मी बसलो, माह्या हातात रिमोट हाये, बाजूले बायको मेथी निवडून राह्यली, तुले दिसून नाई राह्यलं का? अन् दिसून राह्यलं असन तं विचारतं कायले? पोलीसवाला विचारते असं, त्याले सारं मालूम असते तरी विचारते. मले तं पयल्यापासूनच शक होता.

मी जानराव, कामरगावचा. एसटीत कंडक्टर होतो, कारंजा डेपो, बत्तीस वर्षं. लोकं म्हनतात जानराव लय शकी मानूस हाये. असन ना. बत्तीस वर्षं ज्यानं सीटखाली लपलेले पोट्टे ओढून काढले, मिशी फुटलेल्या पोराले "पाचवं सरून राह्यलं हो मास्तर" म्हनून कडेवर घेनारी माय पाह्यली, त्यानं इश्वास ठेवावा तं ठेवावा कोनावर? आपला हिशोब सीधा होता, गाडीतल्या मुंड्या मोजाच्या, तिकिटं मोजाची, दोन्ही बराबर आले का मंगच डबल बेल. साऱ्या नोकरीत चुकलो एकडाव. नवीन होतो. रिसोडची गाडी, केनवडच्या फाट्यावर मुंड्या मोजल्या तं एक जास्त. गाडी बाजूले लावली, अर्धा घंटा साऱ्याइचे तिकिटं तपासले, एका म्हाताऱ्याले तं उतरवूनच देत होतो, तं ड्रायव्हर मान मागं वळवून हळूच म्हनते, "मास्तर, तुमी सोताले तं नाई मोजलं?" …मोजलं होतं. सोडा. जुनी गोठ हाये.

तं मी काय सांगत होतो… केबल. पयले आमच्या घरी केबल होती. केबलवाला सेवालाल, तांड्यावरचा पोरगा, मोठा गोड. दर महिन्याच्या पाच तारखेले फटफटीवर याचा, चहा प्याचा, पैसे घ्याचा, अन् कोनाच्या घरी काय चालू हाये ते फुकटात सांगून जाचा. टीव्हीत मुंग्या आल्या का फोन कराचा, "काय झालं रे सेवालाल?" तो म्हने, "काका, माकडानं वायर तोडली, दहा मिन्टात आलो." दोन दिवसानं ये, पन ये. आला का त्याले चार गोठी सुनवाच्या, तो मान खाली घालून ऐकून घे, लिंबाच्या झाडावर चढे, वायर जोडे, चहा पे, जाये. आता मले सांगा, मानसाले बोलाले समोर मानूस पाह्यजे का नाई? अन् त्याच्या चॅनलवर खालून पट्टी जाये. कोनाची बकरी हरपली, कोनाच्या पोराचं नाव ठेवनं हाये, सारं पट्टीवर. माही नात पौर्णिमा चार वर्षांची झाली तवा तिचा वाढदिवस पट्टीवर आल्ता, फोटूसंगं. साऱ्या गावानं पाह्यला. आता साऱ्या दुनियेचं ॲप हाये, पन बकरी हरपली तं सांगाचं कोनाले?

ते केबल कापली माह्या पोरानं. नरेंद्र, पुन्याले असते, कंपनीत. मागच्या उन्हायात आला, दरवाज्याएवढा टीव्ही घेऊन. पुन्याले गेल्यापासून त्याची बोलीच बदलली. म्हनते, "बाबा, केबल आता कोण बघतं? एक ॲप घेऊ, सगळं त्यातच येतं." म्या इचारलं, सगळं? म्हने, सगळं. बस, तिथंच मले शक आला. एसटीत बत्तीस वर्षं होतो, सगळीकडे जानारी गाडी म्या काई पाह्यली नाई. पन त्यानं पक्कड घेतली अन् खट… वायर खाली.

पंधरा दिवस बरे गेले. मंग एक दिवस क्रिकेट गायब. काय झालं? तं म्हने ते दुसऱ्या ॲपवर गेलं. घेतलं बावा दुसरं. मंग केशरबाईची सिरियल गायब. केशरबाई म्हंजे माही मंडळी. सिरियलमधल्या सुनेनं सासूले भर पावसात घराबाहेर काढलं होतं, अन् सासू कुठी गेली हे पाहाले तिसरं ॲप. केशरबाई दोन दिवस माह्याशी बोलली नाई, जशी सासूले म्याच बाहेर काढली. घेतलं तिसरं. केबलच्या तिप्पट झाले, अन् ते बी कसं, पैसे भरूनसन्या मधात जाहिराती. जाहिरात नको असन तं म्हने वरून अजून भरा. म्हंजे मानूस तिकीट काढून गाडीत बसला, तं त्याले म्हनाचं का बसलेलं राह्याचं असन तं वरचे पैसे दे, नाई तं उभा राह्य. म्या असं एक दिवस बी केलं असतं तं दुसऱ्या दिवशी सस्पेंड झालो असतो. अन् मूर्तिजापूरलोक एक तिकीट, तिथून उतरा, दुसरी गाडी, दुसरं तिकीट… अरे, अकोल्याले जाचं होतं आमाले, सीधं नेऊन सोडा ना.

अन् बोलाचं कोनाले? फोन लावला तं एक बाई गोड आवाजात म्हनते, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." म्या म्हनलं, मंग उचल ना बाई. ते पुन्हा म्हनते, महत्त्वाचा आहे. मले तं पयल्यापासूनच शक होता.

आता खरी गोठ ऐका. पौर्णिमा खो-खो खेयते. माही लेक सुकेशनी, तिची पोरगी, वाशिमले होस्टेलवर राह्यते, सतरावं सरून राह्यलं. महाराष्ट्राच्या टीममध्ये निवड झाली. खोटं नाई सांगत, टीम फायनलले गेली. दिल्लीले. सुकेशनी अन् जवाई गेले पाहाले. आमाले बी जाचं होतं, पन केशरबाईचे गुडघे, तिले पायरी चढनं होत नाई. ते म्हने, "मले बाकी काई नको. नात मैदानात धावतानी एकडाव दिसली पाह्यजे." बस. तिनं कधी मले काई मांगितलं नाई, नोकरीतही नाई, रिटायर झाल्यावरही नाई. हे एक मांगितलं.

अन् ते मॅच कुठी? चवथ्या ॲपवर. सुकेशनीनं ते दिवाळीतच आपल्या नंबरवर घेतलं होतं, आता आमच्या टीव्हीत घालून देलं, अन् गाडीत बसली. रविवारी चार वाजता मॅच. केशरबाईनं साऱ्या गल्लीतल्या बायाइले बलावून ठेवलं, सतरंजी झटकून ठेवली, चिवडा करून ठेवला. म्या साडेतीनलेच टीव्ही लावला. तं तो विचारते, कोन पाहून राह्यलं? अन् खाली चार गोल. बाबा, आई, नरेंद्र… अन् चवथा, 'होस्टेल'. म्या म्हनलं हे कोन? अजून खोलात गेलो, तं एक लिस्ट निंघाली, कोनकोनत्या डब्ब्यावर हे ॲप चालू हाये त्याची. टीव्ही, कामरगाव. मोबाईल, पुने. मोबाईल, वाशिम. अन् चवथं… मोबाईल, कामरगाव.

कामरगाव. आता कामरगावात कोन?

राजपाल. भितीले भीत लागून घर हाये त्याचं. मले त्याचा शक आधीच होता. झालं काय, मागल्या महिन्यात मी एक पिच्चर अर्धा पाहून झोपलो. सकाळी टपरीवर राजपाल म्हनते, "शेवटी तो भाऊच खुनी निंघते, जानराव." आता याले कसं मालूम? ज्याच्या घरी अजून सेवालालची केबल, त्यानं माह्या ॲपवरचा पिच्चर पाह्यला कुठी? मंग म्या टपरीवर चार लोकाइत बोललो बी, का राजपाल माह्या टीव्हीत विनातिकीट घुसून राह्यला. नंतर कोनी तरी सांगितलं का तो पिच्चर दहा वर्षं जुना हाये. असन. पन शक तं गेला नाई ना.

अन् त्या लिस्टच्या खाली लिव्हलं, एका टायमाले दोघंच पाहू शकतात. दोन सीटा. अन् मुंड्या चार. चार वाजता हे विनातिकीट पयले सीटा धरून बसले, तं केशरबाईनं पाहाचं काय? घड्याळात पावनेचार. खाली एक बटन होतं, 'सर्व ठिकाणांहून बाहेर काढा'. बत्तीस वर्षांचा हात हाये हो हा, थांबते का. दाबलं. गाडी रिकामी.

…निरा रिकामी. मी बी खाली. टीव्हीवर नुसतं, 'नंबर टाका'. नंबर सुकेशनीचा. नंबर टाकला, तं ओटीपी गेला दिल्लीले.

फोन लावला. तिकडून ढोल, शिट्ट्या. "सुकेशनी, ओटीपी सांग." ते म्हनते, "कोन बोलून राह्यलं?" म्या म्हनलं, तुहा बाप. ते म्हनते, "कायवरून?" आता घ्या. चूक तिची नाई. मीच तिले शिकोलं होतं, का बाई, ओटीपी कोनालेच द्याचा नाई, म्या मांगितला तरी द्याचा नाई, आजकाल आवाज बी नकली काढतात. पोट्टी बराबर बापावर गेली. म्हनते, "बाबा असान तं बिल्ला नंबर सांगा." म्या सांगितला. "ऐकाले नाई आला, पुन्हा सांगा." म्या ओसरीत उभं राहून बोंबलून राह्यलो, चार हजार दोनशे सतरा, चार हजार दोनशे सतरा… गल्लीतल्या बाया चिवडा हातात धरून पाहून राह्यल्या. शेवटी तिले पटलं, तिनं आकडे सांगितले, म्या टाकले, तं टीव्ही म्हनते टाइम संपला. चार वाजून सहा मिन्टं.

मागं वळून पाह्यलं तं केशरबाई नाई. सतरंजी नाई. बाया नाई, चिवडाही नाई.

भितीपलीकडून आवाज आला. शिट्टी, अन् 'खो'.

आता मी तुमाले सांगतो, कामरगावात सर्वात लांब रस्ता कोनता असन तं माह्या दरवाज्यापासून राजपालच्या दरवाज्यालोक. बारा पावलं. ज्या मानसाले चार लोकाइत चोर म्हनलं, त्याची कडी वाजवाची. वाजवली. आतून राजपाल म्हनते, "कोन पाहाले आलं?" म्या म्हनलं, मी हाओ, जानराव. त्यानं दार उघडलं, वरून खालून पाह्यलं, अन् म्हने, "तिकीट हाये का मास्तर?"

म्या चपला काढल्या. उभा राह्यलो. तो बाजूले सरकला, "या, बसा."

आत सारी गल्ली. केशरबाई एकदम समोर, गुडघे पसरून. टीव्ही जुना, मागून पोट निंघालेला, अन् त्याच्यावर मॅच. सरकारी चॅनलवर, हो. सेवालालच्या केबलवर. फुकट. ज्याच्यासाठी चवथं ॲप घेतलं ते मॅच पयल्यापासून इथं फुकट होती. अन् खालून पट्टी जाऊन राह्यली, 'कामरगावची नात कुमारी पौर्णिमा हिला फायनलसाठी हार्दिक शुभेच्छा, शुभेच्छुक सेवालाल केबल'. फोटू मातर चार वर्षांच्या वाढदिवसाचाच. त्याच्याजोळ तोच होता.

अन् मंग पोट्टी पयाली. काय पयाली हो. खांबाले वळसा मारे, मधून सुटे, त्या पोरी हात टाकत अन् ते तिथं नसे. अडीच मिन्टं कोनाले हातच लावू देला नाई. केशरबाई पदर तोंडाले लावून रडली. मीही रडलो, खोटं कायले सांगू. जितले एका गुनानं. राजपालनं माह्या पाठीवर हात ठेवला, तं मले बत्तीस वर्षांत लाज वाटली नाई एवढी त्या दिवशी वाटली.

तेवढ्यात नरेंद्रचा फोन. "बाबा, मला ॲपमधून बाहेर कोणी काढलं? मॅच बघायला बसलो होतो मी. पौर्णिमाच्या होस्टेलच्या अकरा मुली एका फोनवर बघायला बसल्या होत्या, त्याही बाहेर." म्या आवाज बारीक केला. म्हनलं, काय मालूम बावा… मले राजपालवर शक हाये. राजपाल समोर बसून मले चिवडा देऊन राह्यला.

पन तुमी म्हनान, राजपाल तं राजपाल, तो चवथा मोबाईल होता ना कामरगावातला. म्याही शेवटी इचारलंच, म्हनलं राजपाल, तुहा फोन दाखव. त्यानं खिशातून काढला. बटनाचा. त्याच्यात कॅल्क्युलेटरच्या वर काई चालत नाई. तेवढ्यात माह्याच खिशात फोन वाजला. चष्मा लावून वाचलं, पावनेचारचा मेसेज आता येऊन पोचला होता. 'या मोबाईलवरून तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे. कामरगाव.' पौर्णिमानं दिवाळीत टाकून देलं होतं माह्या फोनमध्ये, मी कधी उघडलंच नाई. …केनवडचा फाटा. पुन्हा सोताले मोजलं.

मंग सुकेशनी आली, तिनं सारं पुन्हा चालू करून देलं. आता सकाळी बटन दाबलं का तो टीव्ही विचारते, कोन पाहून राह्यलं? मी खरं तेच सांगतो. म्हनतो, कोनी नाई बावा, तू चालू राह्य, तुहे पैसे भरले हायेत. आमी राजपालकडे चाललो पाहाले.