कुरिअरचा श्रावणबाळ

सणाची सुट्टी दोन दिवसांवर आली होती. थोरल्या बहिणीला पाठवायचं खोकं पोटाशी धरून मास्तर कुरिअरच्या रांगेत उभे होते. पुढे एक ड्रायव्हर आणि नर्सच्या गणवेशातली त्याची ताई बोलत होती. मास्तरांचे कान, नको नको म्हणता, तिकडेच लागले.

"यंदा काय रे आईला?"

"पाय चोळायचं मशीन. निम्म्या किमतीत मिळालं, ताई!"

"गेल्या वर्षी शेकायचं होतं ना?"

"हो. शेकून झाले, की चोळायला नकोत?"

"ते अजून उघडलेलं नाही. सगळी खोकी तुझ्या पलंगावर रचून ठेवलीत तिनं. तू आलास तर झोपशील कुठे, ही तिला काळजी."

"एकही उघडलं नाही?"

"अंहं. वरची पत्त्याची चिठ्ठी तेवढी कापून डब्यात ठेवते. तुझं अक्षर असतं ना तिच्यावर."

"आणि मी जगाला सांगत फिरतो, आईची किती सेवा करतो! कावड कुरिअरनं पाठवणारा श्रावणबाळ मी."

"तीही कावडीवर सूट मिळाली तरच."

"हस, हस! ताई, मला सुट्टी दोनच दिवसांची आहे गं."

"तिला एक पुरेल."

"साहेब, पुढे या. पत्ता सांगा, चिठ्ठी छापून देतो," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"राहू द्या, मीच जातोय. काका, तुम्ही व्हा पुढे."

"नको रे बाबा," मास्तर म्हणाले, "मीही तुमच्याबरोबरच बाहेर पडतो. बस कुठून सुटतात?"